पिकाची मोजणी : आणेवारीपासून चिठ्ठीपर्यंत



‘यंदा पीक किती झालं?’ हा प्रश्न खेड्यात जितका सहज विचारला जातो, तितकेच त्याचे खरे उत्तर देणे कठीण आहे. केळापूर तालुक्यातल्या एखाद्या शेतकऱ्याला त्याच्या वावरापुरते विचारा. कापूस किती क्विंटल निघाला, तूर किती झाली, हे तो लगेच सांगेल. कारण माल त्याच्या घरात येऊन पडलेला असतो. पण पांढरकवड्याच्या कचेरीत बसलेल्या माणसाला साऱ्या तालुक्याचे पीक सांगायचे असते. करंजीचे सांगायचे, रुंझ्याचे सांगायचे, मोहद्याचे सांगायचे आणि पार तेलंगणाच्या सीमेला लागलेल्या पाटणबोरीचेही सांगायचे. प्रत्येक वावरातला कापूस काही त्याला तोलता येत नाही. मग त्याने आकडा आणावा कोठून?

आणि हा आकडा काही नुसता कागद भरण्यासाठी नसतो, बरं का! गावात टंचाई आहे की नाही, विम्याची भरपाई मिळणार की नाही, कोणते बियाणे शिफारशीला योग्य, हे सारे अशा आकड्यांवर ठरते. आकडा खरा असला तर तो शेतकऱ्याचा साक्षीदार होतो. खोटा असला तर तोच त्याच्याविरुद्ध साक्ष देतो. म्हणून आपल्याकडे पिकाची मोजणी कशी होत आली, ती सुधारण्यासाठी कोणी काय केले, आणि त्यात आपल्या वऱ्हाडाचा वाटा कोणता, याचा थोडा इतिहास आज पाहू.

जुनी रीत तुम्हांपैकी वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. तिचे नाव आणेवारी. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक, आठ आणे म्हणजे निम्मे. वऱ्हाडात पटेल-पटवारी शिवारावर नजर टाकीत आणि ‘यंदा दहा आणे’, ‘यंदा सहा आणे’ असे सांगत. ते वरिष्ठांकडे जाई. मग हिशेब व्हायचा तो असा : पेरणीचे क्षेत्र किती, सर्वसाधारण वर्षी एकरी उतारा किती धरायचा, आणि यंदाचे आणे किती. या तिन्हींचा गुणाकार केला की झालं प्रांताचे उत्पन्न!

या तीन आकड्यांपैकी क्षेत्राचा आकडा पुष्कळसा भरवशाचा होता. कारण मोजणी झालेली होती, प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर होता. पण ‘सर्वसाधारण उतारा’ म्हणजे नेमका किती? आणि ‘आणे’ तरी कसले? सगळ्या प्रांतांत त्यांचा अर्थ एक नव्हता. कोठे सोळा आणे म्हणजे सर्वसाधारण पीक धरीत, तर कोठे बारा आणे म्हणजेच सर्वसाधारण. अशा आण्यांची बेरीज करून देशाचा आकडा काढायचा, म्हणजे पायली आणि शेर एकाच मापाने मोजण्यासारखे आहे.

याहून मोठी अडचण माणसाच्या डोळ्याची. डोळा लबाडच असतो असे नाही. पण तो रस्त्याकडेचे शेत आधी पाहतो. पऱ्हाटी हिरवीगार दिसली की बोंडे न मोजताच त्याला पीक बरे वाटते. गेल्या वर्षी पाऊस बुडाला असेल, तर यंदाचे मध्यम पीकही त्याला भरघोस वाटते. सारा वाढेल या भीतीने गाव हात राखून बोलते, आणि आपल्यावर ठपका नको म्हणून कारकून गेल्या वर्षीच्या आकड्याच्या आसपास राहतो. यात कोणी एक जण दोषी नाही. नजरेने अंदाज करायचा म्हटले की या सगळ्या गोष्टी त्यात आपोआप मिसळतात.

‘मग चार शेतांतले पीक प्रत्यक्ष कापून तोलावे’, असे कोणी म्हणेल. तेही पूर्वी होत असे. एकोणिसाव्या शतकापासून सरकारी अंमलदार कापणीचे प्रयोग करीत. पण शेत कोणते घ्यायचे? तर ‘सरासरी दिसेल ते’. म्हणजे जी सरासरी शोधून काढायची, तीच आधी डोळ्याने ठरवायची! तागडी आली खरी, पण निवड नजरेचीच राहिली.

येथे आपल्या घरातलीच एक म्हण आठवते : शितावरून भाताची परीक्षा. घरची बाई चार शिते दाबून पाहते आणि सारा भात शिजला की नाही ते सांगते. प्रत्येक शीत काही ती दाबीत नाही. संख्याशास्त्रातल्या नमुना-पाहणीचे तत्त्व हेच. पण ही म्हण खरी ठरते, कारण पातेल्यातला भात बहुतेक सारखा शिजत असतो, आणि शंका आली तर तो ढवळता येतो. तालुका कोणी ढवळावा? नदीकाठची काळी भारी जमीन एकीकडे, टेकडीच्या पायथ्याची बरड दुसरीकडे. एका शिवारात पाऊस पडतो, शेजारच्या शिवारात धूळ उडते. अशा तालुक्यातून हाताला लागेल ते शीत उचलले, तर परीक्षा चुकणारच.

यावर उपाय निघाला तो चिठ्ठीचा. शेत माणसाने निवडायचेच नाही, चिठ्ठीने निवडायचे. सर्व शेतांना नंबर आहेत. त्यांतून डोळे मिटून नंबर काढावा, म्हणजे काळ्या जमिनीला आणि बरडीला, रस्त्याकडेच्या वावराला आणि पोडामागच्या वावराला, सारखीच संधी मिळते. चिठ्ठीला नातेगोते नाही, भीती नाही, आळस नाही. आणखी एक मोठा फायदा असा, की चिठ्ठीने नमुना काढला म्हणजे आपला अंदाज किती चुकू शकतो, याचाही हिशेब मांडता येतो. नजरेच्या अंदाजात ही सोय नाही.

ही कल्पना शेतीत कशी आली, ते पाहा. इंग्लंडात रॉथॅमस्टेड येथे १८४३ पासून शेतीचे प्रयोग चालू होते. वर्षांवर वर्षांच्या नोंदी साठल्या होत्या. पण त्यांतून नक्की काय सिद्ध होते, हे सांगणारा हवा होता. १९१९ साली तेथे रोनाल्ड फिशर नावाचे तरुण गणिती आले. त्यांनी प्रयोगाचे तीन नियम घालून दिले. ते आपल्या भाषेत असे सांगता येतील : एकच वाफा पाहून निकाल देऊ नका, तीच गोष्ट अनेक वाफ्यांत करून पाहा, कोणते बियाणे कोणत्या वाफ्यात, हे चिठ्ठीने ठरवा, आणि तुलना करायची ती शेजारच्या, सारख्या जमिनीतच करा. त्यांचे संशोधकांसाठी लिहिलेले पहिले पुस्तक १९२५ साली आणि प्रयोगांच्या आखणीवरचे पुस्तक १९३५ साली प्रसिद्ध झाले.

हे नियम का हवेत, ते शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. नवे बियाणे विहिरीजवळच्या तुकड्यात पेरले, जुने धुऱ्याकडच्या हलक्या जमिनीत पेरले, आणि नवे जास्त पिकले, तर जिंकले कोण? बियाणे की विहीर? दहा ठिकाणी चिठ्ठ्या टाकून पेरले आणि तरीही नवेच पुढे राहिले, तर मात्र ते मान्य करावे लागते.

हिंदुस्थानात पिकाच्या अंदाजासाठी चिठ्ठीची वाट दाखविणारे पहिले नाव जॉन हबॅक या मुलकी अधिकाऱ्याचे. त्यांनी १९२३ च्या सुमारास बिहार-ओरिसा प्रांतात भाताच्या शेतांतून असे नमुने कापून घेतले आणि १९२७ साली त्याचा वृत्तांत पुस्तिकेच्या रूपाने दिला. पुढे बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३७ पासून तागाच्या पिकाची मोठी नमुना-पाहणी हाती घेतली.

आता आपण कापसाकडे येऊ. म्हणजेच वऱ्हाडाकडे येऊ. इंदूरला १९२४ साली कापसाच्या व इतर पिकांच्या संशोधनासाठी एक संस्था निघाली. तिला इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीचे पैशाचे पाठबळ होते. तेथे श्री. वि. गो. पानसे काम करीत. १९३३ नंतर तेथे आलेले कापूसशास्त्रज्ञ हचिन्सन यांच्याबरोबर त्यांनी कापसाच्या वाणांची चाचणी कशी आखावी, यावर लेख लिहिले. फिशर यांचे नियम कपाशीच्या काळ्या जमिनीत उतरले ते अशा कामांतून. दुसरे नाव डॉ. आर. जे. कळमकर यांचे. ते रॉथॅमस्टेडला शिकून आले होते, बटाट्याच्या प्रयोगांतील चुकीचे प्रमाण मोजण्यावर त्यांनी लेख लिहिला होता, आणि मध्यप्रांत-वऱ्हाडच्या शेतीशी त्यांचा संबंध होता.

या दोघांनी १९४२-४३ च्या हंगामात अकोला जिल्ह्यात कापसाच्या उताऱ्याची पाहणी चिठ्ठीच्या पद्धतीने केली. चिठ्ठीने गावे, गावांतून चिठ्ठीने शेते, आणि शेतातही चिठ्ठीने आखलेला तुकडा. त्यातला कापूस वेचायचा आणि तोलायचा. १९४४ साली बंगळूरच्या ‘करंट सायन्स’ या मासिकात त्यांनी पिकाच्या अंदाजाविषयीचे आपले विचार मांडले आणि पुढच्याच वर्षी मोठ्या प्रमाणावरील पाहणीची हकीकत दिली. केळापूरहून अकोला काही दूर देश नाही. जी पऱ्हाटी तेथे, तीच येथे. तीच वेचणी, तोच बाजार. वऱ्हाडच्या कापसाचा आकडा नजरेच्या हातून काढून चिठ्ठीच्या आणि तागडीच्या हाती देण्याचे काम आपल्या शेजारीच सुरू झाले, ही गोष्ट येथल्या मुलांना माहीत असावी.

त्याच सुमारास, १९४३ साली, बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला. लाखो माणसे मेली. त्याला कारणे अनेक होती. परंतु देशात धान्य किती आहे, हे सांगणारे आकडे भरवशाचे नाहीत, ही गोष्ट तेव्हा सगळ्यांना कळून चुकली. आकडा चुकला तर माणसे मरतात, एवढा मोठा हा प्रश्न आहे.

अशा वेळी दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे संख्याशास्त्राचे काम पाहत होते. सातारा जिल्ह्यातल्या बुध या गावी १९११ साली त्यांचा जन्म झाला. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून ते पदवीधर झाले आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्यांनी पुढचे शिक्षण घेतले. १९४० साली ते परिषदेत आले. गहू, भात या पिकांच्या पाहण्या त्यांनी चिठ्ठीच्या पद्धतीने उभ्या केल्या. त्यासाठी निराळी फौज न उभारता महसूल आणि शेती खात्यांतल्याच माणसांना शिकवून त्यांच्याकडून काम घ्यावे, असा त्यांचा आणि पानसे यांचा आग्रह होता.

येथे एक मोठा वाद झाला. कापून घ्यायचा तुकडा लहान असावा की मोठा? महालनोबिस लहान तुकड्यांच्या बाजूचे होते. कमी वेळात जास्त ठिकाणी जाता येते. सुखात्मे यांनी दाखवून दिले, की फार लहान तुकड्यातून उतारा फुगून येतो. का? तर रेषेवर उभे असलेले झाड आत धरायचे की बाहेर, हा प्रश्न येतो, आणि कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. गुरुजी, हे गणित वर्गात करून दाखविण्यासारखे आहे. दहा मीटर बाजूचा चौकोन घ्या : क्षेत्रफळ शंभर चौरस मीटर, कडा चाळीस मीटर. एक मीटर बाजूचा चौकोन घ्या : क्षेत्रफळ एक चौरस मीटर, कडा चार मीटर. म्हणजे दर चौरस मीटरमागे लहान चौकोनाची कड दहापट झाली! जेवढी कड जास्त, तेवढी रेषेवरची झाडे जास्त आणि तेवढी चुकीला वाट जास्त. कापसाच्या तुकड्याचे माप किती असावे, यावर पानसे यांनीही लिहिले.

१९५१ साली सुखात्मे राष्ट्रसंघाच्या अन्न आणि शेती संघटनेत गेले आणि परिषदेतले काम पानसे यांच्याकडे आले. दोघांनी मिळून शेतीच्या कामगारांसाठी व विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले संख्याशास्त्राचे पुस्तक १९५४ साली निघाले. शेतकी कॉलेजांतल्या कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या.

आता प्रयोग प्रत्यक्षात कसा होतो, ते ऐका. गाव चिठ्ठीने निघते. त्या पिकाची शेते नंबरवारीने लिहून त्यांतून चिठ्ठीने शेत निघते. मग शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यावर उभे राहायचे. लांबीकडे किती पावले आणि रुंदीकडे किती पावले जायचे, तेही आधीच काढलेल्या आकड्यांवरून. पावले जेथे थांबतील तेथे खुंटी मारायची आणि ठरल्या मापाचा चौकोन आखायचा. तेथे पीक वाळलेले असो की माजलेले असो, चौकोन हलवायचा नाही. कापसाची वेचणी एकदाच होत नाही, म्हणून त्या चौकोनाची प्रत्येक वेचणी वेगळी तोलून लिहायची. एक वेचणी सुटली तर सारा हिशेब वाया गेला.

समजा, चौकोन दहा मीटर बाजूचा आहे. तो हेक्टरचा शंभरावा भाग झाला. म्हणजे तेथे एक किलोची चूक झाली, की हेक्टरी एक क्विंटलची चूक झाली. शेतातल्या तागडीवरचे एक किलो हलके वाटते. कागदावर गेले की ते जड होते.

‘पण किती शेते घेतली म्हणजे पुरे?’ असा प्रश्न येईल. यात दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, चूक निम्मी करायची तर शेते दुप्पट घेऊन भागत नाही, चौपट घ्यावी लागतात. दुसरी, तालुका मोठा म्हणून नमुनाही त्याच प्रमाणात मोठा लागतो असे नाही. जिल्ह्याला जेवढे प्रयोग लागतील, जवळजवळ तेवढेच एका मंडळाचा तितकाच नेमका आकडा हवा असेल तरी लागतात. जिल्ह्यापुरता बरा असलेला नमुना मंडळांमंडळांत वाटला, की प्रत्येकाच्या वाट्याला अगदी थोडी शेते येतात आणि आकडा डळमळू लागतो. हे विसरले की पुढे गावाला ते भोवते.

भोवते ते असे. १९५७ साली दशमान नाणी आली आणि आणेवारीची पुढे पैसेवारी झाली. पन्नास पैशांच्या आतले गाव टंचाईचे, ही रीत महाराष्ट्रात अनेक वर्षे चालली. केंद्राची २०१६ ची दुष्काळ-संहिता आल्यावर पाऊस, जमिनीतला ओलावा, पिकाची हिरवाई अशा कसोट्याही लावण्यात आल्या. विम्याचे पाहिले, तर पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांनी १९७६ साली असे मांडले, की प्रत्येक शेताचे नुकसान वेगळे मोजणे शक्य नाही, म्हणून सारख्या जमिनीचा एक भाग धरून त्याच्या सरासरी उताऱ्यावर भरपाई ठरवावी. १९८५ ची देशव्यापी पीक विमा योजना याच धर्तीवर आली, आणि २०१६ च्या पंतप्रधान पीक विमा योजनेतही भागाच्या उताऱ्यासाठी कापणी-प्रयोगांचा आधार घेतला गेला. अकोल्याच्या वावरात सुरू झालेली ती चिठ्ठी अशी शेतकऱ्याच्या खिशापर्यंत पोहोचली.

आता एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. मोजणी अगदी खरी झाली, तरी सरासरी ही सरासरीच. समजा, एका भागात दहा वावरे आहेत. पाच काळ्या जमिनीतली, हेक्टरी दहा क्विंटल कापूस देणारी. पाच बरडीवरची, तेथे दोनच क्विंटल. सरासरी आली सहा. पण सहा क्विंटल कोणाच्याच वावरात निघाले नाहीत! टेकडीवरच्या कोलाम पोडातल्या माणसाने कागद पाहिला, तर ‘हे माझे पीक नव्हे’ असे तो म्हणेल. आणि ते बरोबर असेल. दांडेकरांनी ‘सारख्या जमिनीचा भाग’ म्हटले ते याचसाठी. ज्या मंडळात भारी आणि बरड जमिनी एकत्र बांधल्या आहेत, तेथे दोष चिठ्ठीचा नाही, भाग पाडण्याचा आहे. तो दुरुस्त करा असे म्हणणे हा गावाचा हक्क आहे. मात्र त्यासाठी चौकोन सरकवून आकडा खाली आणणे हा उपाय नव्हे. आज आपल्या बाजूने सरकविलेला चौकोन उद्या दुसरा कोणी त्याच्या बाजूने सरकवील, आणि मग गावाच्या खऱ्या नुकसानीवरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

म्हणून शेतकरी बंधू-भगिनींनो, आपल्या गावात कापणी-प्रयोग आहे असे कळले की चार जणांनी तेथे उभे राहावे. नंबर चिठ्ठीनेच निघाला का, पावले कोपऱ्यापासून मोजली का, फीत ताणून धरली का, काटा आधी शून्यावर होता का, वजन तेथल्या तेथे लिहिले का, एवढे पाहावे. ज्याचे शेत निघाले असेल त्याने आखलेल्या चौकोनातला कापूस आपल्या वेचणीत मिसळू देऊ नये. बोलायचे असेल ते तेथेच, वजनाच्या वेळी बोलावे. सहा महिन्यांनी नव्हे.

आणि गुरुजी, बाई, तुम्हाला एक विनंती. वरच्या वर्गातल्या मुलांना शाळेजवळच्या एखाद्या वावरात, मालकाची परवानगी घेऊन, न्या. आधी प्रत्येकाने नुसते पाहून पऱ्हाटीच्या एका झाडाला सरासरी किती बोंडे असतील, ते पाटीवर लिहावे. मग तासांना आणि झाडांना नंबर देऊन चिठ्ठ्या काढाव्यात, वीस झाडांची बोंडे मोजावीत आणि सरासरी काढावी. दुसऱ्या तुकडीने दुसऱ्या वीस चिठ्ठ्या काढून तेच करावे. चिठ्ठ्यांचे दोन आकडे एकमेकांच्या किती जवळ येतात आणि नजरेचे अंदाज किती दूर पसरतात, ते मुलांना आपोआप दिसेल. ती मुले उद्या वावराची मालक होतील, कोणी तलाठी होईल, कोणी कृषी सहायक. पिकाचा आकडा कसा जन्मतो हे ज्याने एकदा हाताने केले, त्याला खोटा आकडा लिहिणे आणि निमूटपणे मान्य करणे, दोन्ही जड जाईल.